‘नच सुंदरि करू कोपा’ : तालमीची वही

१४ जुलै

रंगभूमी दिनाच्या आठवड्यात सांगलीतल्या आमच्या नाट्यगटाला पाऊण तास मिळालाय. पाऊण तासात अख्खं नाटक बसत नाही आणि नाट्यगीतांची माळ आम्हाला लावायची नाही. एकच प्रवेश करायचा, पण नीट करायचा, असं ठरलं. ‘संगीत सौभद्र’मधला कृष्ण-रुक्मिणीचा प्रवेश. मध्यभागी पद ‘नच सुंदरि करू कोपा’.

बैठकीत निम्म्या लोकांनी ‘प्रिये पहा’ सुचवलं. तेही कृष्णाचंच, रुक्मिणीलाच उद्देशून. पहाटेचं वर्णन, देसकार रागाचे सूर, सगळं मान्य. पण त्यात भांडण नाही. मला भांडण हवंय. रुसलेली बायको, समजूत काढणारा नवरा, आणि तो नवरा साक्षात कृष्ण, म्हणजे त्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवायची सोय नाही. शृंगाराचं गाणं आणि तितकंच विनोदाचं. मैफिलीत हे दुसरं अंग हरवतं. ते परत मिळवायचं, एवढाच या प्रकल्पाचा उद्देश. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते, म्हणजे मधेच कुणी नृत्य घालू या म्हणालं तर दाखवता येईल.

१९ जुलै

संहिता काढली. पदाचे शब्द पुन्हा पुन्हा वाचले, चाल डोक्यातून काढून. हे जमायला वेळ लागतो, कारण लहानपणापासून हे शब्द सुरांशिवाय कधी भेटलेलेच नाहीत.

गाण्याशिवाय वाचलं की दिसतं, हे सरळ बोलणं आहे. लहान लहान तुकडे, लगोलग यमकं: कोपा, अनुकंपा, कंपा. रागावू नकोस, माझ्यावर दया कर, बघ रागानं तुझं अंग कसं कापतंय. रुसलेल्या माणसाला आपण घरात असंच तुकड्यातुकड्यानं बोलतो. लांब वाक्य सुरू केलं तर समोरचा मधेच तोडतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ ला पुण्यात रंगभूमीवर आणले, पूर्ण पाच अंक पुढच्या वर्षी. त्याआधी ३१ ऑक्टोबर १८८० ला ‘शाकुंतल’. विष्णुदास भाव्यांच्या नाटकात गायचं काम सूत्रधाराचं. पात्रं आपली भूमिका आयत्या वेळच्या भाषणांनी आणि अभिनयानं पुढं नेत. किर्लोस्करांनी पात्रांच्याच गळ्यात पदं घातली. म्हणजे १८८२ च्या प्रेक्षकाला कृष्ण स्वतः तोंड उघडून बायकोची गाऊन समजूत काढतोय, हीच केवढी नवलाई. सूत्रधारानं बाजूला उभं राहून ‘कृष्ण म्हणतो, रागावू नकोस’ असं गाणं वेगळं आणि कृष्णानं तिच्याकडे बघून गाणं वेगळं. आपण मात्र आज त्या कृष्णाला पुन्हा माइकसमोर, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा करतो.

आणखी एक. या नाटकात पदं शंभराच्या वर आहेत. एकेक पद दहा-दहा मिनिटं गायलं तर नाटक दुसऱ्या दिवशी संपेल. तेव्हा मूळ गायकी आटोपशीरच असणार. विस्तार नंतर आला, आणि तो फार मोठ्या गळ्यांनी आणला म्हणून टिकला. तक्रार नाही. फक्त आमच्या पाऊण तासाला तो परवडत नाही.

२७ जुलै

भूमिका ठरल्या. कृष्णासाठी चढाओढ झाली, रुक्मिणीसाठी शुकशुकाट. ‘तिला या पदात गायला काहीच नाही’ हे उत्तर तीन तोंडून ऐकलं. शेवटी एका शाळेतल्या बाईंनी घेतली. त्या गात नाहीत, पण वर्गातल्या साठ मुलांना नुसत्या नजरेनं गप्प बसवतात. मला तेवढंच हवं होतं.

कृष्ण ख्यालगायकी शिकलेला. आवाज गोड, तान स्वच्छ, पट्टी काळी एक. वय तेवीस. बायकोची समजूत काढायचा अनुभव शून्य.

३ ऑगस्ट

पहिली वाचन-तालीम. कृष्णानं पद गायलं. छान गायलं, म्हणूनच अडचण. मुखड्यावर, म्हणजे पहिल्या ओळीवर, चार जागा (सुरांची छोटी वळणं) घेतल्या, अंतऱ्यात सरगम, मग बोल-ताना (पदाच्या शब्दांवरच्या ताना), मग तिहाई (तोच तुकडा तीनदा). तबलजीदादा खूष. दहा मिनिटं कुठं गेली कळलं नाही. मग रुक्मिणीबाई शांतपणे म्हणाल्या, “ताई, तोवर मी काय करू?”

या प्रश्नावर बाकी सगळं ठरणार. तो दहा मिनिटं गात असेल तर ती दहा मिनिटं रुसून बसू शकत नाही. राग इतका टिकत नाही. टिकला तर तो विनोदाचा उरत नाही. आणि तिचा राग तिसऱ्याच मिनिटाला गेला असेल तर हा उरलेली सात मिनिटं कुणाला गातोय?

ठरलं: तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय त्यावर पदाची लांबी. घड्याळ लावायचं नाही. ताना काढायच्या. जागा ठेवायच्या, पण प्रत्येक जागेला कारण हवं. ती मान फिरवते, तर तो त्याच ओळीवर पुन्हा, वेगळ्या अंगानं. ती मान फिरवत नसेल तर पुढची ओळ.

कृष्णाचा चेहरा पडला. घरी जाताना विचारत होता, “एक तरी तान ठेवू का?” म्हटलं, बघू.

१० ऑगस्ट

ऑर्गन. गटाची पायपेटी माळ्यावरून खाली काढली. पावसाळ्यात हिला हात लावू नये म्हणतात ते खरं आहे. लाकूड फुगून दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, मधल्या सप्तकातला एक सूर मुका, आणि भात्यातून फुसफुस आवाज. पाय मारावा तर अर्धी हवा बाहेर.

ऑर्गनवाले काका स्वतःच उघडून बसले. मागची फळी काढली, मुक्या सुराची पितळी पत्ती आकड्यानं ओढून बाहेर घेतली. पत्तीच्या फटीत धुळीचा एक बारीक तंतू अडकलेला. मऊ ब्रशनं झटकला, फुंकर मारायची नाही म्हणाले, तोंडाची वाफ लागते. पत्ती परत बसवली आणि सूर बोलला. भात्याच्या घडीत चामडं विरलं होतं. तिथं ठिगळ लावायला मिरजेहून माणूस येणार. मिरज जवळ असल्याचा फायदा. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण या भागातले लोक त्याच्या कितीतरी आधीपासून काहीही बिघडलं की मिरजच गाठतात. तंबोराही तिथूनच आणतोय. विंगेत ठेवणार, खरा. मोबाइलमधला नको.

ऑर्गन कशाला, पेटी चालली असती, असं एकजण म्हणाला. ऑर्गनचा सूर पाय चालू असेतो तुटत नाही. पुढं मला कृष्णाला मधेच गप्प करायचंय, आणि तो गप्प असताना खालून काहीतरी धरून ठेवणारं हवं.

२१ ऑगस्ट

तालीम रद्द. कृष्णेचं पाणी चढतंय, आयर्विन पुलावरची पातळी बघायला अर्धं गाव जाऊन आलं. आमचा तबला नदीकडच्या गल्लीत राहतो, तो आधी सामान हलवू दे.

घरी बसून जयदेवाचं ‘गीतगोविंद’ काढलं. बरेच दिवस मनात होतं. ‘नच सुंदरि’चा शेवटचा अंतरा असा सुरू होतो: ‘करपाशी या तनुला, बांधुनि करि शिक्षेला’. तुझ्या हातांच्या पाशात मला बांध आणि शिक्षा कर. पुढं ‘दंतव्रण करि गाला’. हे ऐकल्यावर गीतगोविंद वाचलेला माणूस कान टवकारणारच. दहावा सर्ग, ‘वदसि यदि किञ्चिदपि’ ही अष्टपदी. रुसलेल्या राधेला कृष्ण म्हणतो, खरंच रागावली असशील तर नजरेचे बाण मार, ‘घटय भुजबन्धनं जनय रदखण्डनम्’. बाहूंनी बांध, दातांनी चाव, किंवा तुला ज्यानं सुख होईल ते कर. बाराव्या शतकातला बंगालच्या लक्ष्मणसेनाचा आश्रित कवी, आणि सातशे वर्षांनी पुण्याच्या रंगमंचावर तोच युक्तिवाद मराठीत.

युक्तिवाद म्हणजे काय, लबाडी. आरोपीनं स्वतःच शिक्षा सुचवायची आणि ती अशी सुचवायची की त्यालाच बक्षीस मिळावं. न्यायाधीश हसला की खटला संपला.

पण अण्णासाहेबांनी एक बदल केलाय, आणि माझ्या मते गाण्याचा सगळा रंग त्यानं पालटतो. जयदेवाची राधा प्रेयसी, कुंजात बसलेली. तिथं कृष्ण पायाशी लोळण घेतो, ‘देहि पदपल्लवमुदारम्’ इथपर्यंत जातो. आपली रुक्मिणी लग्नाची बायको, द्वारकेच्या वाड्यात, आणि या घरात सवती आहेत हे जगजाहीर. म्हणून अण्णासाहेबांचा कृष्ण जयदेवाच्या कृष्णाला कधी सुचणार नाही असं वाक्य बोलतो: ‘नारी मज बहु असती, परि प्रीति तुजवरती’. कुंजातलं काव्य तडक माजघरात आलं. बायकोची समजूत काढताना ‘मला पुष्कळ बायका आहेत’ अशी सुरुवात करायला छाती लागते. कबुली पण देतोय आणि तीच प्रेमाची साक्ष म्हणून पुढं करतोय. इतक्या असून मी तुझ्याकडेच आलोय ना!

आणि हे सगळं नाटकाच्या कोणत्या टप्प्यावर? बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, अर्जुन यतीच्या वेषात, आणि पडद्यामागची दोरी कृष्णाच्या हातात. साऱ्या घराला खेळवणारा माणूस इथं एकट्या रुक्मिणीपुढं भोळा होऊन उभा आहे. प्रेक्षकाला ते माहीत आहे, म्हणून हसू येतं. हे सुटं गाणं म्हणून ऐकणाऱ्याला कळायचा मार्ग नाही.

पाणी संध्याकाळी स्थिर झालं.

१४ सप्टेंबर

गणपतीत तालमी झाल्या नाहीत. आज सगळे जमले ते आवाज बसलेले. आरत्या.

शेवटच्या अंतऱ्यावरून वाद. मी ऐकलेल्या मैफिलींत तो बहुतेक वेळा गाळलेला. दंतव्रणाच्या पुढची ओळ आणखी धीट आहे. कार्यक्रमाला शाळेतली मुलं येणार, देणगीदार येणार, तेव्हा गाळा असं गटातल्या दोघांचं मत. कृष्णालाही गाळलेला बरा. त्याची आई येणार आहे.

रुक्मिणीबाई ऐकेनात. त्यांचं म्हणणं, हा अंतरा काढला तर मी हसू कशावर? ‘मला बायका पुष्कळ आहेत पण तू आवडतेस’ यावर कुणी हसत नाही, यावर भांडण वाढतं. हसू येतं ते त्या शिक्षेच्या मागणीवर. तो मागणी करताना आपण फसतोय हे तिला कळतं आणि तरी ती फसते.

मी त्यांच्या बाजूची. शिवाय हे लिहिलं गेलं तेव्हा रुक्मिणी पुरुषच करत होता. ‘सौभद्र’ची पहिली गाजलेली सुभद्रा म्हणजे बडोद्याहून आणलेले भाऊराव कोल्हटकर. शृंगाराचे एवढे धीट शब्द सभ्य पुणेकरांनी पीतांबर नेसलेला एक पुरुष शालू नेसलेल्या दुसऱ्या पुरुषाला म्हणताना ऐकले आणि डोक्यावर घेतले. आपण आता लाजायचं काही कारण नाही.

अंतरा राहिला. अट एकच: तो लगट करत गायचा नाही. अपराधी कोर्टात उभा असतो तसा हात जोडून, अगदी गंभीर चेहऱ्यानं. शब्द काय करायचं ते करतील.

२१ सप्टेंबर

आजचा दिवस ‘परि’चा.

ओळ अशी: ‘नारी मज बहु असती’. मग ‘परि प्रीति तुजवरती’. कृष्ण दोन्ही तुकडे एका दमात गात होता, कारण चालीत ते सलग येतात. मी म्हटलं, ‘असती’वर थांब. ठेका चालू राहू दे, काका सूर धरून ठेवतील. तू ‘परि’ म्हणायचंच नाहीस, जोवर ती तुझ्याकडे बघत नाही.

पहिल्यांदा तो घाबरून लगेच पुढं गेला. तालाचं आवर्तन रिकामं जातंय हे गवयाला सोसवत नाही. हात भाजल्यासारखं होतं त्याला. तबलजीदादांनी तोड काढली. त्यांनी त्या आवर्तनात काहीच भरणा केला नाही, साधा ठेका, तोही हलका, म्हणजे ‘रिकामं’ वाटण्याऐवजी कुणीतरी वाट बघतंय असं वाटतं. काकांनी खालचा एकच सूर धरला.

मग कृष्ण म्हणाला, ‘नारी मज बहु असती’. थांबला. रुक्मिणीबाईंनी पाठ केलेली, ती तशीच. मग मान सावकाश वळली. वर्गात मागच्या बाकावर कुणी बोललं की वळते तशी. कृष्ण इतका दचकला की ‘परि’ खरोखरच घाईनं, सारवासारव केल्यासारखं निघालं. दारात उभे असलेले शाळेचे शिपाई मोठ्यानं हसले.

हेच. असंच ठेवायचं.

५ ऑक्टोबर

दसऱ्यानंतरची पहिली तालीम. गावातले एक जुने नाट्यप्रेमी बघायला आले. छोटा गंधर्वांचा कृष्ण त्यांनी तरुणपणी पाहिलेला, त्यामुळे आमचा कृष्ण भेदरलेला. आजोबांनी डोळे मिटून ऐकलं. मी मनात म्हटलं, झालं, हे बघतच नाहीत. पण ‘असती’च्या थांब्यावर त्यांनी डोळे उघडले आणि मग शेवटपर्यंत मिटले नाहीत.

नंतर म्हणाले, “चांगलं आहे. पण वन्समोअर आला तर काय करणार?”

गाणं संपलं की सभागृहातून वन्समोअर येणारच, आणि इथं तर नक्की. घेतला तर प्रवेश मोडतो: ती हसली आहे, समजूत पटली आहे, आणि हा पुन्हा पहिल्यापासून ‘रागावू नकोस’? न घेतला तर लोक नाराज. आम्ही ठरवलं, घ्यायचा नाही, लगेच संवाद सुरू करायचा. आजोबा नुसते हसले. “बघा,” म्हणाले.

१२ ऑक्टोबर

कपडे, नेपथ्य. एक मंचक, दोन समया, मागं पडदा. मुकुट भाड्याचा, कृष्णाच्या कपाळावर घसरतो; आतून कापडाची पट्टी शिवायची. माइक लटकते घ्यायचे, उभा माइक रंगमंचावर नको. ध्वनिव्यवस्थेवाल्याला हे पटवायला बराच वेळ गेला.

२ नोव्हेंबर

रंगीत तालीम. पद सहा मिनिटांच्या आत. कृष्णाला एक तान दिली, शेवटच्या अंतऱ्यानंतर, ती हसल्यावर. जिंकल्याच्या आनंदात घेतली तर ती तानही बोलण्यासारखीच वाटते. तो इतका खूष झाला की पहिल्यांदा समच, तालाची पहिली मात्राच, चुकला.

शाळेच्या बाकांवर बसून बघताना एक जाणवलं. प्रेक्षकांना तिचा चेहरा दिसत नाही अशा ठिकाणी मंचक होता. फूटभर तिरका केला. आता ती कृष्णाकडे पाठ करते तेव्हा प्रेक्षकांकडे तोंड येतं, आणि त्याला न दिसणारं तिचं हसू सगळ्या सभागृहाला आधी दिसतं.

८ नोव्हेंबर

प्रयोग झाला.

५ नोव्हेंबर १८४३ ला याच गावात भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’, मराठीतलं पहिलं नाटक, झालं, असं निवेदकानं सांगितलं. सांगलीत हे दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी टाळ्या पडतात. मग आमचा प्रवेश.

‘नारी मज बहु असती’. थांबा. काकांचा सूर. मान वळली. बायकांच्या बाजूनं जो हशा आला तो तालमीत कधीच आला नव्हता; पुरुष जरा उशिरा हसले. ‘परि’ त्या हशात बुडालं, पण कृष्ण शहाणा झाला होता, त्यानं हशा ओसरू दिला आणि ‘परि’ दुसऱ्यांदा म्हटलं, आधीपेक्षा केविलवाणं. हे आम्ही बसवलेलं नव्हतं.

शेवटचा अंतरा हात जोडून. मुलं हसली, कारण मोठी माणसं हसली. कृष्णाची आई पहिल्या रांगेत, पदर तोंडाला.

तान झाली, सम आली, आणि वन्समोअर. एकदम चारी बाजूंनी. ठरल्याप्रमाणे कृष्णानं संवादाला तोंड उघडलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा उघडलं. मी विंगेत हातानं खुणा करतेय, पुढं चला, पुढं चला. कृष्ण माझ्याकडे बघतोय, काका त्याच्याकडे.

तेवढ्यात रुक्मिणीबाईंचं हसू मावळलं. काहीतरी आठवल्यासारखं झालं, आणि त्या उठून मंचकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ फिरवून बसल्या. पुन्हा रुसल्या.

सभागृहाला कळायला क्षणभर लागलं. मग जो गदारोळ झाला! कृष्णाला आता गायला कारण मिळालं होतं. काकांनी सूर दिला, तो मंचकाला वळसा घालून पलीकडे गेला आणि मुखडा पुन्हा धरला, फक्त मुखडा. ती हसली. लगेच संवाद. या वेळी कुणी ओरडलं नाही.

आजोबा नंतर आत आले. रुक्मिणीबाईंना म्हणाले, “बाई, गाणं तुम्ही म्हटलंत.”

१६ नोव्हेंबर

हिशेब झाला. मुकुट परत केला, तंबोरा मिरजेला पोचवला. ऑर्गनवर आता जाड कापड, आत कापराच्या वड्या.

पुढचा प्रयोग डिसेंबरात. कृष्णाचा आग्रह की ती दुसऱ्यांदा रुसण्याची हालचाल संहितेत लिहून टाकू. रुक्मिणीबाईंचा साफ नकार: लिहिलं तर वन्समोअर नाही आला तरी मला रुसावं लागेल. त्यांचं बरोबर आहे. संहितेत तिथं मी फक्त ‘लोकांवर अवलंबून’ एवढं लिहिलंय.

‘प्रिये पहा’वाल्यांनी पुन्हा डोकं वर काढलंय. घेऊ. पण त्यातही रुक्मिणी आहे, आणि ती त्या वेळी काय करते ते आधी ठरवायचं. सोमवारी वाचन.